सिझेरियन, अँटिबायोटिक, पावडरचं दूध: बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं आता काय?

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. बाळ ३६ व्या आठवड्यात बेळगावात सिझेरियननं झालं, वजन २ किलो १०० ग्रॅम. श्वास जोरात होता म्हणून तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं, अँटिबायोटिक दिलं, रक्ताचा कल्चर रिपोर्ट (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह आल्यावर ते बंद केलं. आईला दूध उतरेपर्यंत पावडरचं दूध दिलं, ते अजून चालू आहे. बाळ आता नऊ दिवसांचं आहे, घरी आहे. आज्जीला बारसं झालं की गुटी सुरू करायची आहे. मेडिकलवाल्यानं पोटातले चांगले जंतू वाढवणारी पुडी सुचवलीय. आणि कुणीतरी व्हिडिओ पाठवलाय, की ओडिशातल्या अभ्यासात अशाच पुडीनं नवजात बाळांचे संसर्ग ४० टक्क्यांनी कमी झाले. तर बाळाच्या पोटातले चांगले जंतू मेले का, आणि पुडी द्यायची का?

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. पुडी आत्ता देऊ नका. गुटी तर नकोच. सगळा जोर आईचं दूध वाढवून पावडर बंद करण्यावर लावा. तुमच्या बाळाच्या आतड्याचं फार मोठं नुकसान झालेलं नाही, आणि जे झालंय ते भरून काढायचं साधन घरातच आहे.

नवजात बाळाला जंतुसंसर्ग म्हटलं की आपल्याकडे लगेच गार वारं आठवतं. कानाला फडकं बांधतात, खिडक्या लावून घेतात. बाळाला ऊब हवीच, त्यात वाद नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर जे सेप्सिस होतं, म्हणजे जंतू रक्तात उतरून सगळं शरीर आजारी पडतं, त्यातले पुष्कळसे जंतू बाळाच्या स्वतःच्या आतड्यातून आत शिरलेले असतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉक्टरांनी कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या, बाळांची शी जन्मापासून साठवून ठेवली होती. पुढे ज्या बाळांच्या रक्तात संसर्ग झाला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बाळांच्या शीत नेमका तोच जंतू आजारपणाच्या आधीपासून सापडला. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वॉर्डात काम करणाऱ्या आम्हा लोकांना ही शंका होतीच, त्याचा पुरावा हाती आला.

आता हे होतं कसं ते बघा. जन्माच्या वेळी आतडं जवळजवळ रिकामं असतं, पण त्यात थोडा ऑक्सिजन असतो. त्यामुळे पहिल्यांदा तिथं ऑक्सिजन असला तरी चालतो आणि नसला तरी चालतो असे जंतू वस्तीला येतात: ई कोलाय, क्लेब्सिएला, एंटरोकॉकस. ते ऑक्सिजन संपवतात, आणि मग बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या कुळाला जागा होते. हे कूळ अंगावरच्या दुधावर वाढतं. आईच्या दुधात एक विशिष्ट प्रकारची साखर असते, तिचे दोनशेच्या आसपास प्रकार आहेत. दुधातल्या घन पदार्थांत लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल तिसरा नंबर तिचाच. गंमत अशी, की बाळाला ती पचतच नाही. ती खालपर्यंत जशीच्या तशी जाते आणि बायफिडोबॅक्टेरिया ती खाऊन लॅक्टिक आणि ॲसेटिक ॲसिड तयार करतात. आतडं आंबट झालं की क्लेब्सिएलासारख्यांना तिथं वाढणं जड जातं. शिवाय त्याच दुधातून येणारं आयजीए नावाचं प्रतिपिंड आतड्याच्या आतल्या बाजूला पसरतं आणि जंतूंना भिंतीला चिकटू देत नाही, आणि लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन त्यांना लागणारं लोह पळवतं. गाईच्या दुधात, आणि म्हणून साध्या पावडरीत, ही साखर नावालाच असते.

कमी दिवसांच्या बाळाची आतड्याची भिंत अजून सैल असते. पूर्ण दिवसांच्या बाळात जे जंतू आतल्या आत राहिले असते, तेच इथं भिंतीतून पार होतात. म्हणून तुमच्या ३६ आठवड्यांच्या बाळाच्या बाबतीत आम्ही जास्त आग्रही असतो.

सिझेरियनबद्दल तुमच्या पत्नीच्या मनात अपराधी भावना असेल तर ती काढून टाका. फरक पडतो हे खरं आहे. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ५९६ बाळांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिझेरियनच्या बाळांच्या पोटात आईकडून येणारे काही जंतू कमी आणि दवाखान्यात आढळणारे, एंटरोकॉकस आणि क्लेब्सिएलासारखे, जास्त दिसले. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की वरचं अन्न सुरू होण्याच्या वयापर्यंत हा फरक बराचसा मिटतो. सिझेरियन गरजेचं होतं म्हणून झालं, बाळ हातात आहे, पुढचं आपल्याकडे आहे.

अँटिबायोटिकचंही तसंच. ३६ आठवड्यांचं बाळ जोरात श्वास घेतंय, तेव्हा आधी औषध सुरू करायचं आणि कल्चर स्वच्छ आलं की थांबवायचं, हीच योग्य पद्धत. न देता थांबलो असतो आणि संसर्ग निघाला असता, तर काही तासांत बाळ हातचं गेलं असतं. काळजी वाटते ती रिपोर्ट स्वच्छ येऊनही 'असू दे आणखी चार दिवस' म्हणून औषध ओढत नेण्याची. फार कमी वजनाच्या बाळांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासांत, कल्चर निगेटिव्ह असूनही पाच किंवा जास्त दिवस अँटिबायोटिक मिळालेल्या बाळांत आतडं सडण्याचा आजार आणि मृत्यू जास्त दिसले. तुमच्या डॉक्टरांनी वेळेवर थांबवलं, म्हणजे ते नीट विचार करणारे आहेत. पुढच्या तपासणीलाही त्यांच्याकडेच जा.

'आधीच जंतू मारून टाकले तर बरं नाही का?' असं नातेवाईक नेहमी विचारतात. त्याचं उत्तर शोधण्यात आपल्या बेळगावचाही हात आहे. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना आईला अझिथ्रोमायसिनचा एकच मोठा डोस द्यायचा, असा अभ्यास सात देशांत २९,२७८ महिलांवर झाला. भारतातली केंद्रं होती बेळगाव आणि नागपूर. बेळगावचं काम जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं केलं. निकाल २०२३ मध्ये आला. आईचं सेप्सिस किंवा मृत्यू यांचं प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आलं, आणि आईसाठी हा फायदा फार मोलाचा आहे. बाळाचं सेप्सिस किंवा मृत्यू (पोटातला मृत्यू धरून) यांत मात्र काही फरक पडला नाही: औषध दिलेल्या गटात १०.५ टक्के आणि न दिलेल्या गटात १०.३ टक्के. आईला मिळालेलं संरक्षण बाळापर्यंत पोचलं नाही.

आता ओडिशाचा अभ्यास, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. व्हिडिओत सांगितलं ते खोटं नाही. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आला. ओडिशातल्या खेड्यांतली ४,५५६ बाळं. अर्ध्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम नावाच्या जंतूचा एक ठराविक वाण आणि त्याचं खाद्य म्हणून एक साखर, असं मिश्रण सात दिवस दिलं. अर्ध्यांना तसंच दिसणारी पण जंतू नसलेली पुडी. दोन महिने लक्ष ठेवलं. सेप्सिस आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. मृत्यू दोन्ही गटांत अगदी थोडे होते, फायदा दिसला तो आजारपणात. आपल्या देशात, गरीब खेड्यांत, अगदी स्वस्तात हे झालं. मला या अभ्यासाचा अभिमान आहे.

पण तो नीट वाचा. बाळं ३५ आठवडे किंवा जास्त दिवसांची, २ किलो किंवा जास्त वजनाची होती. इथपर्यंत तुमचं बाळ बसतं. पण ती जन्मतः ठणठणीत होती आणि अंगावर दूध पीत होती. पुडी दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान सुरू झाली. आणि जंतूचा वाण एकच, नेमका, आधी तपासून निवडलेला. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पुड्या आणि छोट्या कुप्या वेगळ्याच असतात. कुणात बॅसिलस क्लॉसी, कुणात यीस्ट, कुणात पाच-सहा जातींची सरमिसळ. त्यातल्या काही मोठ्या मुलांच्या जुलाबात उपयोगी पडतात. नवजात बाळाचं सेप्सिस टाळायला त्या वापराव्यात असा पुरावा नाही. एकाच जातीच्या जंतूचे दोन वाणसुद्धा सारखं काम करत नाहीत. इंग्लंडमध्ये १,३१० कमी दिवसांच्या बाळांवर बायफिडोबॅक्टेरियमचा एक वाण वापरून पाहिला, त्याचा निकाल २०१६ मध्ये आला, आणि संसर्गात काहीच फरक दिसला नाही.

आणि जिवंत जंतू देण्यात थोडा धोकाही असतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला. दवाखान्यात अशी पूरक मात्रा दिलेलं एक अत्यंत कमी वजनाचं बाळ दगावलं होतं आणि त्याच्या रक्तात त्या मात्रेतलाच जंतू सापडला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शनात ३२ आठवड्यांच्या आतल्या, आईच्या दुधावर असलेल्या बाळांसाठी प्रोबायोटिकचा, म्हणजे अशा जिवंत चांगल्या जंतूंच्या मात्रेचा, 'विचार करता येईल' इतकंच म्हटलंय. तो निर्णय अतिदक्षता विभागात, कोणता वाण, कोणत्या दर्जाचा, हे बघून डॉक्टरांनी घ्यायचा. दुकानदारानं काउंटरवर घ्यायचा हा निर्णय नव्हे. पुडी आणून ठेवली असेल तर पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि दाखवा.

आता दुधाकडे येऊ. सिझेरियननंतर दूध उतरायला उशीर होऊ शकतो, त्यात बाळ वेगळ्या खोलीत, मग पावडर सुरू होते आणि घरचे 'हिला दूधच नाही' असं ठरवून मोकळे होतात. नवव्या दिवशी हा निष्कर्ष फार घाईचा आहे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळाला छातीला लावा. ३६ आठवड्यांचं बाळ चोखता चोखता दमून झोपतं. म्हणून पाजून झालं की हातानं दूध काढायचं आणि तेही द्यायचं. काढायचं कसं? अंगठा वर आणि बाकीची बोटं खाली, बोंडशीपासून दोन बोटं मागं. आधी छातीच्या दिशेनं आत दाबायचं आणि मग बोटं एकमेकांजवळ आणायची. बोंडशी चिमटीत धरून ओढायची नाही, त्यानं दूध येत नाही, नुसती दुखापत होते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत चारच थेंब आले म्हणून सोडून देऊ नका, धार मागून लागते. काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चोवीस तास.

पावडर एकदम बंद करू नका. दर दोन-तीन दिवसांनी वजन बघत, डॉक्टरांना विचारत, एकेक वेळ कमी करा. वजन रोज २० ते ३० ग्रॅमनं वाढत असेल आणि दिवसाला सहा-सात वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरतंय. तोवर पावडर करायचीच असेल तर उकळलेलं पाणी जास्त वेळ गार होऊ देऊ नका. पावडर निर्जंतुक नसते. पाणी किमान ७० अंश गरम असताना त्यात ती मिसळायची, मग गार करून लगेच पाजायची, उरलेलं ओतून टाकायचं.

आणि बाटली नको. बऱ्याच घरांत आज्जीनं जपलेलं चांदीचं बोंडलं असतं. त्याची नळी एकदा उजेडाकडे धरून बघा. आत पिवळसर थर दिसेल, वाळलेल्या दुधाचा. तिथं बोटही जात नाही आणि घासणीही जात नाही. बाहेरून भांडं लख्ख दिसतं आणि आत जंतूंची वस्ती. वाटी आणि चमचा वापरा. दोन्ही घासता येतात आणि दहा मिनिटं उकळता येतात.

गुटीबद्दल आज्जींशी मी स्वतः बोलले असते तर त्यांना हेच सांगितलं असतं: तुमची सहाण घ्या आणि तिच्यावर हात फिरवा. दगडाला बारीक छिद्रं आहेत. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा, खारीक, एकेकाचे चार वेढे रोज उगाळायचे आणि सहाण नुसत्या पाण्यानं धुऊन भिंतीला उभी करून ठेवायची. खारकेतली साखर त्या छिद्रांत राहते आणि ओलही राहते. त्यात खानापूरच्या पश्चिमेचा पावसाळा. कणकुंबी-जांबोटीकडे आठवडे आठवडे ऊन नसतं, भिंती घामेजतात, विहिरीचं पाणी गढूळ होतं. उगाळून झालेलं बोट थेट बाळाच्या तोंडात जातं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नको, हा नियम अशा गोष्टींमुळे आहे. मध तर वर्षभर चाटवू नका, त्यातून येणाऱ्या एका जंतूच्या विषानं बाळ लुळं पडू शकतं. जायफळानं बाळ शांत झोपतं असं म्हणतात, पण २ किलोचं बाळ झोपून राहिलं तर दूध कधी पिणार?

मात्र आज्जींना बाजूला बसवू नका. त्यांच्या हातचं एक काम बाळाच्या थेट उपयोगाचं आहे, ते म्हणजे तेल लावणं. कमी दिवसांच्या बाळाची कातडी पातळ असते आणि तिथूनही जंतू आत शिरतात. खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला तर कातडीला आधार मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी याचा विचार करावा असं म्हटलंय. रगडायचं नाही, नाकाकानात तेल घालायचं नाही, बाळाची छाती पिळायची नाही. आणि ओव्याची धुरी नको, त्या धुराचा त्रास बाळाच्या श्वासनळीला होतो.

दुसरं काम आईचं, आणि आई दमली की बाबांचं किंवा आज्जीचं. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून शाल. याला कांगारू पद्धत म्हणतात. १ ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांवर भारतासह पाच देशांत अभ्यास झाला, त्याचा निकाल २०२१ मध्ये आला. जन्मल्याबरोबर छातीला लावलेल्या बाळांत महिनाभरातले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते, संसर्गही कमी होते. तुमचं बाळ त्याहून मोठं आहे, पण अडीच किलो होईपर्यंत त्यालाही याचा फायदाच आहे. बाळाला ऊब मिळते, आईचं दूध वाढतं. आणि जन्मानंतर बाळाला कुणाचे जंतू लागणार हे कोण त्याला हाताळतं त्यावर ठरतं. ते वॉर्डातल्यापेक्षा आईच्या अंगावरचे लागलेले केव्हाही चांगले. दिल्लीतल्या तीन मोठ्या दवाखान्यांत १३,५३० आजारी बाळांवर लक्ष ठेवलं गेलं, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथं सेप्सिसमध्ये सगळ्यांत पुढे असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई कोलाय होते, आणि त्यांतले बरेच अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते. असल्या जंतूंपासून बाळाला लांब ठेवायचं तर कामाशिवाय दवाखान्यात रेंगाळू नये आणि बारशाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात बाळ देऊ नये.

हात धुण्याबद्दल एकच सांगते, कारण बाकीचं सगळ्यांना पाठ आहे. बाळंतिणीच्या हातात हिरवा चुडा असतो. बांगड्यांखाली साबण पोचत नाही आणि लंगोट बदलताना मनगट तिथंच लागतं. चुडा कोपराकडे वर सरकवून मनगटापर्यंत हात घासा. अंगठी काढून ठेवा.

शीबद्दल घरात चर्चा होईल म्हणून सांगून ठेवते. नुसत्या अंगावरच्या दुधावर आल्यावर शी पातळ, पिवळी, मोहरीच्या दाण्यासारखी होते आणि तिला आंबूस वास येतो. दिवसाला आठ वेळा होईल. त्याला जुलाब समजून औषध आणू नका, तो वास मघाशी सांगितलेल्या ॲसिडचा आहे. शीत रक्त, शी पांढरट, उलटी हिरवी, पोट टम्म फुगलेलं, यांतलं काहीही दिसलं तर मात्र लगेच दवाखाना.

पुढच्या लक्षणांनाही वेळ घालवू नका. बाळ दूध ओढेनासं झालं, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छातीचा पिंजरा आत ओढला जातोय, झटके, अंग तापलंय किंवा तळपाय आणि पोट दोन्ही गार पडलेत. नवजात बाळाला सेप्सिसमध्ये ताप येईलच असं नाही, पुष्कळदा ते गार पडतं आणि घरचे म्हणतात 'शांत झोपलंय'. अशा वेळी १०८ ला फोन करा. खानापूरहून बेळगावला येताना बाळाला गाडीत छातीला धरूनच आणा. तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) आणि डिस्चार्जचा कागद सोबत घ्या, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक आधी दिलंय ते रात्रीच्या डॉक्टरांना लगेच कळेल.

आशाताई चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतील. त्या कन्नड बोलणाऱ्या असल्या आणि आज्जींना सगळं कळत नसलं, तरी वजनकाटा तोच आहे. बाळाला त्यांच्यासमोर उघडं करून वजन करून घ्या आणि आकडा कार्डावर लिहून घ्या. चौदाव्या दिवसापर्यंत वजन जन्माच्या वजनावर परत आलेलं नसेल तर एकविसावा दिवस उजाडायची वाट बघू नका, बाळाला तपासायला घेऊन जा.